लॅपटॉपचा चार्जर : ६५ वॅटच्या जागी ९० चालेल का? आणि ४५?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. मुलीच्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर पिनेच्या मानेपाशी तुटली आहे. चार्जरवर लिहिलंय, आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानागणिक वेगळा सल्ला मिळतोय. एक म्हणतो ६५ वॅटचाच घ्या, जास्तीचा लावला तर बॅटरी फुगते. दुसरा म्हणतो ९० चा घ्या, लवकर चार्ज होईल. आणखी एकाने ४५ चा स्वस्तातला पुढे केला, "पिन बसली म्हंजे झालं" म्हणाला. पिन गोल आहे, आत मधोमध बारीक सुई दिसते. लॅपटॉपला टाइप-सीचं भोकही आहे आणि घरात मोबाइलचा ६७ वॅटचा चार्जर पडून आहे. तो लावून काम भागेल का, की नवा घेऊ?

सोल्डरगन
ताई, वॅट सगळ्यात शेवटी बघायचे. आधी व्होल्ट, मग पिन, मग अँपिअर. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, दुसरं काही नाही. १९.५ × ३.३४ = ६५.१३, म्हणून त्याला ६५ वॅटचा म्हणतात. त्याच घरातला ४५ वाला १९.५ व्होल्ट २.३१ अँपिअर असतो, ९० वाला १९.५ व्होल्ट ४.६२ अँपिअर.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त. तुमच्यासाठी ६५ किंवा ९०, दोन्ही चालतील. ४५ परत करा.

१९, १९.५ आणि २० यांतला फरक बहुतेक लॅपटॉप पचवतात. पण १२ किंवा १५ व्होल्टवाला लावला तर चार्ज होणार नाही, आणि २४ व्होल्टवाला लावला तर मदरबोर्डवरचा पहिलाच मॉस्फेट (वीज आत सोडणारा भाग) जाऊ शकतो. बाजारात व्होल्ट बदलायचा सरकता खटका असलेले 'युनिव्हर्सल' मिळतात, १२ पासून २४ पर्यंत. तो खटका पिशवीत चुकून सरकतो. ते घेऊच नका.

शिवाजीपेठ_७
आवो पण ९० चा लावला तर जास्त करंट घुसंल की आत. बॅटरी फुगतीया ती त्यानंच की.

उद्यमनगरकर
नाही भावा, चार्जर करंट ढकलत नाही. चार्जर फक्त १९.५ व्होल्ट स्थिर धरून उभा राहतो. किती अँपिअर घ्यायचे ते लॅपटॉप ठरवतो. दहा टनाच्या ट्रॉलीत सहा टन ऊस भरला म्हणून ट्रॉलीला काही होत नाही. सहा टनाच्या ट्रॉलीत दहा टन कोंबला की पाटा मोडतो. चार्जरवरचा अँपिअरचा आकडा ही ट्रॉलीची क्षमता आहे, भरलेला ऊस नाही.

बॅटरीचं तर आणखी वेगळं आहे. चार्जरचे १९.५ व्होल्ट बॅटरीला थेट लागतच नाहीत. तीन सेलची बॅटरी ११.४ व्होल्टच्या आसपास असते, दोन सेलची ७.६, चार सेलची १५.२. मदरबोर्डवर चार्जिंगची स्वतंत्र आयसी (चिप) असते, ती १९.५ वरून व्होल्ट उतरवते आणि बॅटरीच्या आतल्या सर्किटनं सांगितलेल्या मर्यादेतच करंट सोडते. ९० चा लावला काय, १३० चा लावला काय, ती मर्यादा तीच राहते.

म्हणूनच "९० नं लवकर चार्ज होतं" हेही अर्धवट खरं. ज्या मॉडेलमध्ये जलद चार्जिंगची सोय आहे आणि कंपनीनं त्यासाठी मोठा चार्जर सांगितलाय, तिथंच फरक पडतो. बाकी ठिकाणी फायदा एवढाच की ९० चा चार्जर ६५ च्या भारावर निवांत चालतो, कमी तापतो.

बॅटरी फुगण्याची कारणं उष्णता, वय आणि दिवसरात्र १०० टक्क्यांवर टेकवून ठेवणं. लॅपटॉप कायम टेबलावर आणि वायर कायम लावलेली असेल, तर बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते ती चालू करा. गादीवर, उशीवर ठेवून वापरणं बंद करा, खालची जाळी बुजते. आणि बॅटरी फुगायला लागली, म्हणजे टचपॅड वर उचललं गेलं किंवा झाकण नीट मिटेना, तर चार्जर बदलून काही होत नाही. चार्जिंग तिथंच थांबवायचं आणि बॅटरी काढून घ्यायची.

शिवाजीपेठ_७
मग ४५ वाल्यानं काय बिघडतंय? हळू चार्ज होईल एवढंच की.

उद्यमनगरकर
दोन प्रकार आहेत.

पहिला, ज्यात लॅपटॉपला चार्जरची ओळख पटते. टाइप-सी, किंवा मधे सुई असलेल्या पिना. तिथं लॅपटॉपला कळतं की समोर ४५ आहे, मग तो हात आखडता घेतो. पडद्यावर कमी वॅटचा इशारा येतो, प्रोसेसरचा वेग कमी होतो, चार्जिंग रांगतं. जड काम काढलं तर वायर लावलेली असूनही बॅटरी उतरते. गैरसोय आहे, पण धोका नाही.

दुसरा, साधी गोल पिन, ज्यात ओळखीची सोयच नाही. लॅपटॉपला वाटतं समोर ६५ आहे आणि तो ६५ ओढायला जातो. चार्जर चांगला असेल तर त्यातलं जादा भाराचं संरक्षण त्याला बंद करतं, मग पुन्हा चालू, पुन्हा बंद. चार्जरवरचा दिवा लुकलुकतो आणि लॅपटॉपवरचं चार्जिंगचं चिन्ह येतंजातं, हे त्याचं लक्षण. चार्जर स्वस्तातला असेल तर हे संरक्षण नावालाच. मग तो नुसता तापत राहतो. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरचं इन्शुलेशन उष्णतेनं कमजोर होतं, आणि २३० व्होल्टची बाजू नि लॅपटॉपची बाजू यांच्यामधला तो महत्त्वाचा पडदा असतो. कमी वॅटच्या चार्जरचा धोका लॅपटॉपपेक्षा घराला जास्त.

रंकाळाकाठ
म्हणजे आमच्या पिनेतली सुई ही ओळखीसाठी आहे का?

सोल्डरगन
बरोबर ताई. त्या सुईतून पॉवर जात नाही. तुमच्या प्रकारात बाहेरचा पत्रा म्हणजे ऋण, आतली नळी म्हणजे १९.५ व्होल्ट धन, आणि सुई फक्त ओळख सांगते.

कंपन्यांचं थोडक्यात सांगतो, पिन बघून घेताना उपयोगी पडेल.

डेल : चार्जरमध्ये एक छोटी चिप असते, ती सुईच्या तारेवरून "मी ६५ चा आहे" असं सांगते. जुन्या मॉडेलला ७.४ मिलिमीटरची जाड पिन, नव्याला ४.५ ची. सुईची तार केसासारखी असते आणि मानेपाशी ती आधी तुटते. मग मीटरवर १९.५ व्होल्ट दाखवतात, लॅपटॉप चालतो, पण अ‍ॅडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर रडतखडत चालतो. लोक बॅटरी बदलून बसतात. दोष एका तारेचा.

एचपी : हिच्यातही सुई, हिच्यातही ७.४ आणि ४.५ अशी मापं, नव्याचं टोक निळं. डेलची पिन एचपीत शिरते, पण आतली भाषा वेगळी. "पिन बसली म्हंजे झालं" हे इथंच फसतं.

लेनोवो : मधल्या काळातल्या मॉडेलला चौकोनी पिवळी पिन, तिच्यात ओळखीसाठी रेझिस्टर. २० व्होल्ट. आता बरीच मॉडेल टाइप-सीवर.

एसर, आसूस : बहुतेक १९ व्होल्टची साधी गोल पिन, ओळख नाही. एसरला ५.५ × १.७ किंवा ३.० × १.१. आसूसला जुनी ५.५ × २.५, नवी ४.० × १.३५. इथं माप चुकलं तर पिन ढिली बसते. बाहेरून ५.५ सारखीच दिसते, पण आतलं भोक मोठं असेल तर संपर्क अर्धवट होतो, ठिणगी पडते, आणि लॅपटॉपचा जॅकच काळा पडून वितळतो. घालताना थोडा जोर लागला पाहिजे, आणि घातल्यावर हलवून चार्जिंगचं चिन्ह जाता कामा नये.

मिसळकट्टा
तुटलेली वायर जोडून घेतली तर नाही का चालणार? नवा कशाला?

सोल्डरगन
चालतं, नीट केलं तर. पिनेसकट नुसती डीसी केबल वेगळी मिळते. तुमच्या प्रकाराला तीन तारांची केबल मागा, दोन तारांची लावली तर ओळख गेली. मधेच तुटली असेल तर तिन्ही तारांचे जोड शेजारीशेजारी येणार नाहीत अशा तारा वेगवेगळ्या अंतरावर कापायच्या, डाग द्यायचे, प्रत्येकावर वेगळी हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी आणि वरून एक जाड नळी. नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड ३ अँपिअरला गरम होतो, टेपचा डिंक सुटतो आणि आत दोन्ही तारा चिकटतात.

वायर मानेपाशी तुटली असेल तर पिनच बदलावी लागते. आणि चार्जरच्या डब्याच्या तोंडापाशी तुटली असेल तर डबा उघडावा लागतो. तो स्क्रूचा नसतो, प्लास्टिक वितळवून जोडलेलं असतं. घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत साठा असतो (२३० च्या १.४१४ पट), प्लग काढल्यावरही काही वेळ. मृत चार्जरमध्ये तर तो जास्तच वेळ राहतो, कारण उपसायला कुणी नसतं.

टाइपसी_टग्या
आता त्या ६७ वॅटच्या मोबाइल चार्जरचं. वॅटचा मोठा आकडा बघून हुरळू नका. त्याच्या अंगावर बारीक अक्षरात आउटपुटची यादी असते, ती वाचा.

यादीत "२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर" किंवा "२० व्होल्ट, ३ अँपिअर" असेल तर लॅपटॉप चालेल. पण "५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, ११ व्होल्ट ६.१ अँपिअर" असं काही असेल तर ते ६७ वॅट फक्त त्या कंपनीच्या फोनसाठी आहेत. काही फोन कंपन्यांचा ६५ वाला "१० व्होल्ट ६.५ अँपिअर" असतो, त्याचंही तेच. लॅपटॉपला त्यातून ९ व्होल्टचे २७ वॅट मिळतील, किंवा काहीच नाही. बिघडणार काही नाही, कारण टाइप-सीत आधी बोलणी होतात आणि मगच ५ च्या वर व्होल्ट चढतात.

ही बोलणी म्हणजेच पॉवर डिलिव्हरी, पीडी. नेहमीच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. २० व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे १०० वॅट, २०२१ पर्यंत तीच कमाल होती. २०२१ च्या पीडी ३.१ पासून २८, ३६ आणि ४८ व्होल्टही आले, म्हणजे १४०, १८० आणि २४० वॅट. पण चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिघांनाही ते यायला हवं. एकालाही येत नसेल तर सगळे खालच्या पायरीवर येतात.

आता ताई, लॅपटॉपचं ते टाइप-सी भोक चार्जिंगचं आहे का ते आधी बघा. सगळी नसतात. शेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह किंवा पीडी असं असेल तर चार्जिंग होतं. विजेचा बाण असेल तर तो थंडरबोल्टचा, त्याचा अर्थ चार्जिंग असाच नाही, जरी बऱ्याचदा होतं. काहीच चिन्ह नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

गल्ली_नं_९
केबल कुठलीही चालते का? मोबाइलबरोबर आलेली?

टाइपसी_टग्या
इथंच लोक अडकतात. साधी टाइप-सी ते टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच. २० × ३ = ६०. म्हणजे ६५ वॅटचा चार्जर साध्या केबलनं ६० च देतो. त्यावर पाहिजे असेल तर ५ अँपिअरची, टोकात ई-मार्कर चिप (केबल किती झेलते ते चार्जरला सांगणारी) असलेली केबल लागते. टोकावर १०० वॅट किंवा २४० वॅट असं छापलेलं असतं. ई-मार्कर नसेल तर चार्जर ३ अँपिअरच्या वर जातच नाही, मग तो १०० चा असो नाहीतर १४० चा.

एका बाजूला जुनं चौकोनी यूएसबी टोक असलेली केबल या कामाची नाही.

आणि दोनतीन भोकांचे चार्जर. ६५ लिहिलेलं असतं ते एकट्या भोकाला. दुसऱ्यात फोन लावला की ४५ आणि २० अशी वाटणी होते. वाटणी बदलताना चार्जर क्षणभर तोडून पुन्हा बोलणी करतो, लॅपटॉपवर चार्जिंग जाऊन येतं. तो बिघाड नाही. लॅपटॉप नि फोन एकत्र चालवायचे असतील तर १०० चा घ्या. मॉनिटर किंवा डॉकमधून चार्ज करत असाल तर डॉक स्वतःसाठी काही वॅट ठेवून घेतो, तेही धरा.

अजून एक. टाइप-सी चार्जरवरून गोल पिन बनवणारे छोटे तुकडे मिळतात. ते चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेतात, आपापल्या ब्रँडचे चांगले असतील तर चालतात. याच्या उलट, म्हणजे जुन्या गोल पिनेच्या चार्जरचं टोक टाइप-सी करणारा तुकडा, हातही लावू नका. त्यातल्या स्वस्तातल्यांत बोलणी करणारं सर्किट नसतं, १९.५ व्होल्ट सरळ भोकात जातात. चुकून फोनला लावलं की फोन गेला.

जिओ_गेमर
माझा लॅपटॉप २३० वॅटवाला. कॉलेजला वीट (त्याचा जड चार्जर) न्यायची नाही म्हणून १०० चा टाइप-सी घेतला तर?

टाइपसी_टग्या
मॉडेलला टाइप-सी चार्जिंग असेल तर लिहिणं, कोडिंग, व्हिडिओ यासाठी उत्तम. गेम लावलास की ग्राफिक कार्डला वॅट कमी पडतात, फ्रेम घसरतात आणि लावलेल्या वायरीवर बॅटरी उतरते. रोज असं केलंस तर बॅटरी विनाकारण झिजणार. गेमला वीटच.

जिओ_गेमर
आणि वीट घरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला चालते ना?

उद्यमनगरकर
चालते की. ३३० वॅटची वीट पूर्ण भारावरसुद्धा भिंतीतून पावणेदोन अँपिअरच्या आतच घेते. सॉकेट ढिलं नसावं एवढं बघ.

वायरमन_भाऊ
वॅटवर सगळे बोलतात, अर्थिंगवर कोणी बोलत नाही. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार पेठांतल्या जुन्या घरांतून फार. चार्जर बदलून ती जात नाही.

कारण असं. चार्जरच्या आत २३० ची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामधे एक वाय कपॅसिटर असतो, रेडिओची खरखर दाबायला. त्यातून किंचित करंट गळतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये तो अर्थला जायचा असतो. अर्थ नसेल, किंवा तुम्ही तीन पिनांवर दोन पिनांचा तुकडा लावला असेल, तर तो लॅपटॉपच्या पत्र्यावर येऊन थांबतो आणि तुमच्या हातातून जमिनीत जातो. अस्सल चार्जरमध्ये तो अंगाला इजा करण्याइतका नसतो. नकली चार्जरमध्ये तिथं साधा कपॅसिटर टाकलेला असतो. तो शॉर्ट झाला तर मुंग्या नाही, पुरे २३० बसतात.

बघायचं कसं? मल्टिमीटर एसी व्होल्टवर. सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्ही २३० च्या आसपास यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे, पाचच्या आत. फेज ते अर्थ ५०-१०० असं काहीतरी तरंगत असेल तर अर्थची तार कुठंच जोडलेली नाही. जुन्या घरांत बोर्डात तिसरं भोक असतं आणि मागं तारच नसते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. कोणी वायरमन सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून "झालं अर्थिंग" म्हणाला तर त्याला घरी पाठवा. बाहेरचा न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येतो. अर्थिंग म्हणजे जमिनीत इलेक्ट्रोड, तिथून वेगळी तार, आणि मेनला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका).

हातकणंगलेकर
आमच्याकडं संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतंय. लॅपटॉपच्या चार्जरला स्टॅबिलायझर लावू का?

वायरमन_भाऊ
नको. चार्जरवर इनपुट १०० ते २४० लिहिलेलं असतं, १७० मध्ये त्याला काही वाटत नाही. थोडा जास्त करंट घेतो, थोडा जास्त तापतो. स्टॅबिलायझर फ्रिजला लावा.

भीती कमी व्होल्टेजची नाही, न्यूट्रल तुटण्याची. वळवाच्या पावसात फांदी पडून न्यूट्रल गेला की एका फेजला कमी आणि दुसऱ्याला वाढत वाढत ४१५ पर्यंत व्होल्ट जातात. चार्जरमधला मोठा कपॅसिटर ४०० ते ४५० व्होल्टचा असतो, आणि ४१५ एसीचे आत ५८० च्या वर होतात. फटकन आवाज, पांढरा धूर, संपलं. घरातला एक दिवा झगझगीत आणि दुसरा मिणमिणता दिसला की विचार न करता मेन बंद करायचा. 'स्पाइक गार्ड' म्हणून विकतात त्यातले बरेच नुसते एक्स्टेंशन बोर्ड असतात, आत काही नसतं.

हातकणंगलेकर
आणि इन्व्हर्टरवर?

उद्यमनगरकर
६५ चा चार्जर पूर्ण भारावर भिंतीतून साधारण ७५ वॅट घेतो, बाकीची उष्णता. एवढं घरच्या कुठल्याही इन्व्हर्टरला जड नाही. ७५ वॅटच्या वरच्या चार्जरांत पॉवर फॅक्टर सुधारणारं जादा सर्किट असतं, ते स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कुरकुरतं, तापतं, कधी बंदचालू होतं. गेमिंगची वीट असेल तर साइन वेव्हच घ्या.

कुंभारगल्ली
महापुराच्या पाण्यात गेलेला चार्जर उन्हात वाळवून वापरतात बरेच जण. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळी बघितलंय. चालू होतो पण.

सोल्डरगन
चालू होतो, तेच वाईट. डबा बंद असल्यानं पाणी शिरतं पण गाळ बाहेर येत नाही. पंचगंगेचा तो बारीक गाळ २३० ची बाजू आणि १९.५ ची बाजू यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीवर बसतो. ती पट्टी मुद्दाम मोकळी सोडलेली असते. पुढच्या पावसाळ्यात हवा दमट झाली की गाळ ओल धरतो आणि दोन्ही बाजूंमधे वाट तयार होते. पुरातला चार्जर ई-कचऱ्यात टाका, भंगारात नको, तिथून तो परत बाजारात येतो.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे आभार. टाइप-सीच्या शेजारी काहीच चिन्ह नाही, म्हणून तो विषय सोडला. गोल पिन ४.५ ची आहे. आता प्रश्न उरला अस्सल ओळखायचा. दुकानदार 'ओरिजिनल', 'ओईएम', 'कॉम्पॅटिबल' असे तीन शब्द वापरतोय.

सोल्डरगन
शब्द सोडा, लेबल बघा. भारतात विकायच्या अ‍ॅडॅप्टरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर बीआयएसचं चिन्ह, त्याच्याजवळ आयएस १३२५२ (नव्यावर आयएस/आयईसी ६२३६८) आणि इंग्रजी 'आर', आडवी रेघ, पुढं आठ आकडे. मोबाइलवर 'बीआयएस केअर' अ‍ॅप घ्या, त्यात आर नंबर टाका. कारखान्याचं नाव, पत्ता आणि वस्तूचा प्रकार येतो. तिथं अ‍ॅडॅप्टरच्या जागी भलतंच काही आलं, किंवा नोंदणी संपलेली दिसली, तर घेऊ नका. कारखान्याचं नाव लॅपटॉपच्या कंपनीपेक्षा वेगळं आलं तर घाबरू नका. लॅपटॉप कंपन्या चार्जर दुसऱ्या कारखान्यांकडून बनवून घेतात, आणि नोंदणी कारखान्याची असते.

दुसऱ्या कंपनीचा पण नोंदणीचा, तीन तारांचा, तुमच्या मॉडेलसाठीचा चार्जर वाईट नसतो. कसला का असेना, पारखायचा असाच. हातात घेऊन बघा, ६५ चा असून पोकळ लागला तर आत फिल्टर गाळलेला असतो. भिंतीकडची वायर तीन पिनांची आहे ना बघा. वायरीवरच तांब्याची जाडी छापलेली असते, काहीच छापलेलं नसेल तर शंका घ्या.

उद्यमनगरकर
आणि ताई, लॅपटॉप बरोबर घेऊन जा. बॅटरी निम्म्यापर्यंत उतरवून न्या, नाहीतर चार्ज होतोय की नाही ते कळतच नाही. दुकानात एवढं करून घ्या :

आधी मीटर. चार्जर नुसता सॉकेटला लावून पिनेत मोजायचं. एक टोक बाहेरच्या पत्र्याला, दुसरं आतल्या नळीला, सुईला नाही. १८.५ ते २०.५ च्या मधे यायला हवं. मीटरच्या टोकानं सुई आणि नळी एकत्र झाली तर ओळखीची चिप जाते, म्हणून हे दुकानदाराला करू द्या.

मग लॅपटॉपला लावून चालू करताना एफ २ दाबून बायॉसमध्ये जा. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीच्या पानावर अ‍ॅडॅप्टरचा प्रकार दिसतो, तिथं ६५ किंवा ९० वॅट यायला हवं. 'अज्ञात' आलं तर चार्जर परत.

मग विंडोज चालू करून बॅटरीचा टक्का वाढतोय का बघा. त्याच वेळी पिन हळूच चारी बाजूंना हलवा.

घरी आल्यावर एकदा अर्धा तास व्हिडिओ आणि चार्जिंग एकत्र चालवा, मग चार्जरवर तळहात ठेवा. कोमट, गरम ठीक. पाच सेकंद हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर वापरू नका. बिलावर वॅट, आर नंबर आणि वॉरंटी लिहून घ्यायला विसरू नका.

मिसळकट्टा
६५ नि ९० मधे किमतीत फार फरक नसेल तर ९० घ्यावा का मग?

उद्यमनगरकर
दोन्ही नोंदणीचे असतील तर घ्यावा. एक नोंदणीचा ६५ आणि एक बिननावाचा ९० असेल तर ६५.

रंकाळाकाठ
रात्री लॅपटॉप काढून ठेवला तरी चार्जर सॉकेटमध्ये तसाच राहतो. बिल वाढतं का, आणि चालतं का?

वायरमन_भाऊ
बिलाचं म्हणाल तर नगण्य. लेबलवर रोमन सहा (VI, वीज वाचवण्याची पातळी) छापलेला असेल तर या मापाचा चार्जर रिकामा असताना ०.२१ वॅटच्या आत घेतो, महिन्याला एका युनिटचा सहावा भागही नाही. पण गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. आणि जुन्या बोर्डांत बटण फेजवर नसून न्यूट्रलवर टाकलेलं सापडतं, तिथं बटण बंद असूनही चार्जरच्या आत फेज असतो. टेस्टर लावून एकदा बघून घ्या. बटण बंद असताना कुठल्याही भोकात दिवा लागला तर जोडणी उलटी आहे. लावताना बटण बंद, प्लग, मग लॅपटॉपची पिन, शेवटी बटण चालू. चालू चार्जरची पिन घातली की ठिणगी पडते आणि जॅकची कड काळी होत जाते.